उलटे मांडलेले घर

आजच्या भाषणाचा आरंभ एका घराच्या हकिकतीने करतो. हे घर न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, समुद्रकाठच्या फाकाताने या गावी, १८७५ साली बांधून पुरे झाले. न्गाती आवा या माओरी जमातीचे ते सभागृह. जमातीचे पूर्वज ज्या होडीतून महासागर ओलांडून आले अशी परंपरा सांगते, त्या होडीचेच नाव त्यांनी घराला दिले होते: माताआतुआ. आधीच्या दशकातील लढायांनंतर जमातीची पुष्कळशी जमीन सरकारजमा झाली होती. अशा पडत्या काळात, विखुरलेली माणसे आणि दुरावलेली नाती पुन्हा सांधावीत या हेतूने हे घर उभे राहिले.

माओरी लोकांचे असे सभागृह म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, एवढेच नव्हे. ते पूर्वजाचे शरीर असते. छपराचा आढा हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूस दोन्हीकडे उतरत आलेल्या फळ्या हे पसरलेले बाहू आणि शिखरावर कोरलेला चेहरा हे त्याचे मुख. आत पाऊल टाकणारा माणूस पूर्वजाच्या कुशीत शिरतो. म्हणून भिंतीलगतच्या कोरीव मूर्तींची तोंडे आतल्या बाजूस असतात. कुळातील थोर स्त्रीपुरुष आत बसलेल्या लेकरांकडे पाहत असतात, असा त्याचा अर्थ.

१८७९ साली सिडनी शहरात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि न्यूझीलंड सरकारने हे घर सोडवून तेथे पाठविले. मांडणाऱ्यांपुढे अडचण अशी की, मूर्ती आत असल्या तर येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या दिसणार कशा? त्यांनी तोड काढली. भिंती उलट्या फिरवून कोरीव बाजू बाहेर आणली. पाहणाऱ्यांची उत्तम सोय झाली; पूर्वजाच्या बरगड्या मात्र अंगाबाहेर आल्या. पुढे ते घर मेलबर्नला गेले, तेथून लंडनला गेले, तेथील संग्रहालयाच्या तळघरात सुमारे चाळीस वर्षे पडून राहिले, १९२४ साली वेम्बलीच्या साम्राज्य-प्रदर्शनात पुन्हा उभे राहिले आणि १९२५ साली न्यूझीलंडला परत आले. परंतु परत आले ते आपल्या गावी नव्हे. दक्षिण बेटावरील डनीडन येथील संग्रहालयात. जमातीने ते परत मागितले, मागत राहिली, आणि १९९६ साली ते परत देण्याचे ठरले. फाकाताने येथे २०११ साली त्याची दारे पुन्हा उघडली. आता मूर्ती आत पाहतात.

मला आज या जुन्या घराविषयी बोलावयाचे नाही. बोलावयाचे आहे ते माओरी आणि प्रशांत महासागरातील इतर बेटांवरच्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांविषयी, आणि त्यांची प्रदर्शने जेथे भरतात त्या वस्तीतल्या लहानलहान कलादालनांविषयी. पण ते उलटे मांडलेले घर मनात असल्यावाचून या दालनांचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही.

उच्चाराविषयी जाता जाता एक शब्द. नकाशावर रोमन लिपीत लिहिलेली माओरी नावे आपण वाचू लागलो की हमखास चुकतो. ज्या अक्षरजोडीला आपण सवयीने 'व्ह' म्हणतो, तिचा उच्चार बहुतेक माओरी 'फ'च्या जवळचा करतात. त्या मानाने देवनागरीत ही भाषा लिहिणे सोपे जाते.

माओरींची कला जगाला अपरिचित होती असे कधीच नव्हते. कॅप्टन कुकच्या काळापासून तिचे नमुने युरोपात जात होते. परंतु ती जेथे ठेवली गेली ती जागा लक्षात घ्या. मोआ नावाचा प्रचंड, पंखहीन, आता नामशेष झालेला पक्षी. त्याच्या सांगाड्याच्या आसपास, काचेच्या कपाटात, खाली चिठ्ठी: अमुक प्रदेशातील, अमुक लाकडाचे, अमुक गृहस्थाने दिलेले. कोरणाऱ्याचे नाव बहुधा नसे. चित्रशाळा वेगळी, तिच्या भिंती वेगळ्या, तेथे युरोपी परंपरेतील तैलचित्रे. एक गोष्ट कला आणि दुसरी गोष्ट अवशेष, अशी ही वाटणी होती. गेलेल्या माणसांच्या वस्तू म्हणून माओरींची लाकडे आणि वस्त्रे जपली गेली, आणि त्यांचे नातू-पणतू त्याच शहरात कारखान्यात कामाला जात होते.

संग्रहालयांना सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. नियुए नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील स्त्रिया झाडाची साल कुटून वस्त्र करीत आणि त्यावर पाने, वेली, चौकटी यांची नाजूक चित्रे काढीत. त्या वस्त्राला हियापो म्हणतात. ती विद्या बेटावर लोपली. १९६२ साली नियुए येथे जन्मलेला आणि अगदी लहानपणीच न्यूझीलंडला आणलेला जॉन पुले हा कवी-चित्रकार जेव्हा आपल्या आजी-पणजीच्या कलेचा शोध घेऊ लागला, तेव्हा ती त्याला संग्रहालयांतच सापडली. त्याने तिची नक्कल केली नाही. हियापोवरील चौकटींची रचना त्याने आपल्या मोठ्या कॅनव्हासवर घेतली आणि तिच्यात स्थलांतराच्या, गमावलेल्या बेटाच्या, मिशनऱ्यांच्या आणि स्वप्नांच्या आकृती भरल्या. कपाटाने जपले नसते तर त्याला आरंभ कोठून करावा हेच उमगले नसते.

आता १९५८ सालाकडे वळू. त्या वर्षी ऑकलंड शहरात पाच तरुण माओरी कलावंतांचे एक प्रदर्शन भरले. राल्फ होतेरे, कातेरिना माताइरा, मुरु वॉल्टर्स, आर्नल्ड विल्सन आणि सेल्विन विल्सन ही ती पाच नावे. नव्या वळणाच्या माओरी कलेचे पहिले सामूहिक प्रदर्शन म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. ते शहराच्या मुख्य चित्रशाळेत भरले नव्हते. प्रौढशिक्षणाच्या केंद्रात भरले होते, आणि मातिउ ते हाउ या प्रौढशिक्षणाच्याच कार्यकर्त्याने ते जुळवून आणले होते. रात्रीच्या वर्गाला येणारी माणसे ज्या खोल्यांत बसतात, तेथे ही चित्रे लागली. मला हा योगायोग वाटत नाही. प्रतिष्ठित दारे उघडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा जी जागा आपल्या माणसांच्या पायाखालची आहे ती धरावी, हा या चळवळीचा स्वभाव आरंभापासूनच होता.

या पिढीची घडण मोठी रंजक आहे. गॉर्डन टोवी नावाचे एक कलाशिक्षक १९४६ पासून सरकारच्या शिक्षणखात्यात कलाविभागाचे प्रमुख होते. स्वतः ते माओरी नव्हते. शाळांतून माओरी कला शिकविली गेली पाहिजे असे त्यांनी मनावर घेतले आणि त्यासाठी तरुण माओरी शिक्षकांची निवड केली. होतेरे, माताइरा, क्लिफ व्हाइटिंग, पारा माचिट ही मंडळी त्यांतलीच. कला-महाविद्यालयात पिकासो आणि हेन्री मूर शिकायचे, आणि पाइने ताइयापा या वृद्ध कोरकाऱ्याकडे जाऊन तासणी कशी धरावी, लाकडाच्या शिरा कशा ओळखाव्यात हे शिकायचे. अशी ही दुहेरी शिकवणी होती. आर्नल्ड विल्सन यांच्या लाकडी मूर्तींत पूर्वजही दिसतो आणि विसाव्या शतकातील युरोपी शिल्पही दिसते. जुन्या वळणाच्या जाणत्यांना हे रुचले नाही तर नवल नाही. घराचा खांब घराला धरून असतो. तो सुटा करून चबुतऱ्यावर ठेवला तर त्याला पूर्वज म्हणावयाचे की शोभेची वस्तू? हा वाद आजही मिटलेला नाही, आणि मिटू नये असे मला वाटते.

१९७३ साली ते काहा या गावी माओरी कलावंत आणि लेखक एकत्र आले आणि त्यांनी आपली संस्था स्थापन केली. ते भेटले ते मराएवर. मराए म्हणजे सभागृह आणि त्यापुढील अंगण मिळून होणारी जमातीची जागा. लेखकाने वाचून दाखवावे, चित्रकाराने चित्र आणून भिंतीला टेकवावे, आणि रात्री सर्वांनी त्याच घरात अंथरुणे टाकून निजावे, असे हे संमेलन. चित्राखाली झोपणारा रसिक हा चित्राकडे दोन मिनिटे पाहून पुढे सरकणाऱ्या रसिकाहून निराळा असतो, नाही का?

१९८४ साली मात्र मोठी दारे उघडली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात सप्टेंबर महिन्यात 'ते माओरी' हे प्रदर्शन सुरू झाले. ते पहाटेच्या अंधारात उघडले, कारण माओरी रीत तशी आहे. वडीलधारी मंडळी मंत्र म्हणत, आप्तांना हाक मारावी तशी मूर्तींना हाक मारीत आत गेली. अमेरिकेतील चार शहरे करून हे प्रदर्शन १९८६ मध्ये मायदेशी परतले. तेव्हा ज्यांनी संग्रहालयाची पायरी कधी चढली नव्हती अशी माणसे रांगा लावून आली. आपल्या वस्तूंकडे पाहण्याची तेथील समाजाची दृष्टीच या प्रदर्शनाने पालटली, असे म्हणतात ते खोटे नाही. तरीही दोन गोष्टी त्यात नव्हत्या. जिवंत कलावंतांचे काम नव्हते. आणि लाकूड, दगड, हाड यांना जागा होती, स्त्रियांच्या विणकामाला नव्हती. म्हणजे गौरव झाला तो भूतकाळाचा, आणि त्यातही निम्म्याच.

या विणकामाविषयी थोडे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. हाराकेके नावाची लांब पात्यांची एक वनस्पती तेथे उगवते. तिच्या पात्यांपासून टोपल्या, चटया आणि धाग्यांपासून अंगावरचे झगे होतात. पाती कापण्याचा नियम असा की मधला कोंब कधीही कापावयाचा नाही आणि त्याच्या दोहो बाजूंची दोन पातीही कापावयाची नाहीत. कोंब हे मूल आणि ती दोन पाती हे आईबाप. बाहेरची पाती, म्हणजे आजेआजी, तेवढी घ्यावयाची. रांगिमारिए हेतेत या विणकरीण बाई १८९२ साली जन्मल्या आणि १९९५ पर्यंत जगल्या. ही विद्या घराण्यात, फार तर जमातीत राहावी असा पूर्वापार संकेत. परंतु १९५१ साली माओरी महिलांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि तिच्या आश्रयाने बाईंनी परजमातीतील स्त्रियांनाही शिकविले. नियम मोडला, विद्या वाचली. पात्यांचा नियम मात्र त्यांनी कोणाला मोडू दिला असेल असे वाटत नाही.

आता बेटांवरील लोकांकडे वळतो. सामोआ, टोंगा, कुक बेटे, नियुए, टोकेलाऊ, फिजी येथून १९५० नंतर माणसे मोठ्या संख्येने न्यूझीलंडला येऊ लागली. कारखान्यांना हात हवे होते. १९७० नंतरच्या दशकात मंदी आली आणि तेच हात परके झाले. १९७४ ते १९७६ या काळात परवान्याची मुदत संपून राहिलेल्यांचा शोध म्हणून पोलीस पहाटे घरांत शिरत. मुदत ओलांडलेल्यांत युरोप-अमेरिकेतले लोक कमी नव्हते. दारे वाजली ती बहुतेक बेटकऱ्यांची. १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या नगरभवनात पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सरकारतर्फे याबद्दल क्षमा मागितली. सामोआत इफोगा नावाचा विधी आहे: अपराधी चटईखाली बसतो, आणि ज्याचा अपराध झाला तो ती चटई उचलतो किंवा उचलत नाही. त्या दिवशी एका देशाची पंतप्रधान विणलेल्या चटईखाली बसली होती. मग चटई बाजूला झाली. या लोकांची चटई भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हे असे जेव्हा मी म्हणतो, तेव्हा मला हे अभिप्रेत आहे.

अशा स्थलांतरितांच्या मुलांपैकी काही कलेकडे वळली. सामोआहून १९६६ साली आलेले फातू फेऊऊ यांनी मित्रांना गोळा करून 'ताउताई' हे मंडळ उभारले. ताउताई म्हणजे होडी हाकणारा जाणता. जिम विविआएरे यांनी १९९४ साली बेटांच्या कलावंतांचे एक प्रदर्शन जुळविले आणि त्याला नाव दिले 'बाटलीतला महासागर'. ज्यांना 'बेटांची कला' अशी चिठ्ठी लावून मोकळे होण्याची घाई असते, त्यांना हा टोमणा होता.

त्याच वर्षी मिशेल टफरी यांनी एक बैल केला. पूर्ण आकाराचा, भरदार, मान वळविलेला बैल; आणि तो सारा गोमांसाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे ठोकून जोडलेला. पत्र्यांवरची रंगीत छापील अक्षरे तशीच ठेवलेली. कृतीचे नाव 'पिसुपो लुआ आफे'. पिसुपो या सामोअन शब्दाची व्युत्पत्ती गमतीची आहे. बेटांवर पहिले डबे आले ते वाटाण्याच्या सूपचे. इंग्रजीतील 'पी सूप'चे पिसुपो झाले, आणि पुढे डब्यात गोमांस आले तरी नाव तेच राहिले. हळूहळू हा डबा मानाचा झाला. लग्नात द्यावयाचा, मर्तिकाला न्यावयाचा, पाहुण्यापुढे रचावयाचा. समुद्रात मासे आणि परसात नारळ असलेली माणसे परदेशी डब्यावर जगू लागली आणि त्याबरोबर येणारे रोगही त्यांच्या वाट्याला आले. हे सगळे एका बैलात आहे. लहान मुले त्याकडे धावत जातात, आणि मोठी माणसे मागाहून जरा गप्प होतात. आज तो वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

माझी भाची ऑकलंडच्या दक्षिणेस पापातोएतोए येथे राहते. या भागात भारतीय वस्ती बरीच आहे. मी तिच्याकडे उतरलो असता एका शनिवारी ती म्हणाली, "मामा, संग्रहालये तुम्ही उद्या बघा. आज तुम्हाला ओताराचा बाजार दाखवते." ओतारा ही कामगारांसाठी सरकारने बांधलेल्या घरांची जुनी वसाहत. शनिवारी सकाळी तेथे मोटारी लावण्याच्या मैदानावर बाजार भरतो. अळकुड्यांसारखे पण हाताएवढे कंद, हिरवी केळी, शहाळी, फुलांचे हार, भडक फुलांचे कापड, हाडाचे कोरलेले गळ. कोठे तरी ध्वनिक्षेपकावर भजन चाललेले. त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर दुकानांच्या रांगेत, इतर दुकानांसारखाच दर्शनी भाग असलेले, एक दालन लागते. तेच 'फ्रेश गॅलरी ओतारा'. तेव्हाच्या मानुकाऊ नगरपालिकेने २००६ साली ते सुरू केले, आणि फिजी वंशाच्या एमा तावोला यांनी पहिली काही वर्षे त्याची धुरा वाहिली.

मुंबईच्या कलादालनाची पायरी चढताना आपली चप्पल जरा जास्तच मळकी आहे असे ज्याला वाटले असेल, त्याला ओताराचे हे दार पाहून बरे वाटेल. बाजाराच्या पिशव्या घेऊन माणसे आत येतात. एक आजीबाई कंदांची पिशवी भिंतीशी टेकवून एका छायाचित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. छायाचित्रात एक बाई रात्रपाळीहून परतून खुर्चीत तशीच झोपली होती; अंगावर कारखान्याचा पोशाख, मागे भिंतीवर फुलांच्या माळा घातलेली कुटुंबाची चित्रे. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिले, खुर्चीकडे बोट दाखविले आणि म्हणाल्या, "अशी खुर्ची आमच्याकडेही होती." त्या चित्राचे याहून नेमके रसग्रहण मला करता येणार नाही.

भाचीने नंतर मला मांगेरेचे कलाकेंद्र दाखविले. ते २०१० मध्ये उघडले. त्यात रंगमंचही आहे आणि चित्रदालनही. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआ गावी 'पाताका' आहे, १९९८ पासून. पाताका म्हणजे खांबांवर उंच उचललेले, कोरीव दर्शनी भागाचे अन्नाचे कोठार. तेथे एकाच छपराखाली वाचनालय, संग्रहालय आणि चित्रशाळा आहे. पुस्तक बदलायला आलेला मुलगा चित्रे पाहून जातो.

या दालनांत जे भरते ते सगळे उत्तम असते असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ कामे कच्ची असतात. पूर्वजांचे आणि होडीचे प्रतीक इतक्यांनी इतक्या वेळा वापरले आहे की काही ठिकाणी ते नक्षीपुरते उरले आहे. शिवाय आणखी एक भीती आहे, आणि ती तेथील कलावंत स्वतःच बोलून दाखवितात. तुमच्यासाठी ओतारा आहे ना, मग शहरातले मोठे दालन कशाला, असा सूर निघण्याची. वस्तीचे दालन आधार होते तसे कुंपणही होऊ शकते. एमा तावोला यांनी पुढे २०१९ मध्ये ओताहुहू येथे स्वतःचे खाजगी दालन काढले. त्याच्या फिजियन नावाचा अर्थ 'नवे क्षितिज' असा आहे. नगरपालिकेच्या पैशावर चालणाऱ्या जागेत किती आणि काय बोलता येते, हा प्रश्न कोणत्याही देशात सुटलेला नाही.

आणि 'बेटांचा' म्हणावयाचे कोणाला? १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजूर करारावर फिजीला नेले गेले. 'अॅग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले आणि ते लोक गिरमिटिये. त्यांचे अनेक वंशज आज ऑकलंडमध्ये आहेत. क्विशिल चरण या त्यांपैकीच एक. रंगविलेल्या, शिवलेल्या कापडातून ऊसमळ्यांतील आज्या-पणज्यांची आठवण मांडणाऱ्या. पाच पिढ्या प्रशांत महासागरात काढलेल्या या माणसांना बेटकरी कलावंतांच्या पंगतीत पान मांडावयाचे की नाही, याविषयी एकमत नाही. भारतातही त्यांना आपले म्हणणारे कोणी फारसे नाही. ऊस ज्या मातीत लावला ती माती मात्र त्यांना ओळखते.

२०१२ साली चार माओरी तरुणींनी मिळून काम करण्याचे ठरविले: एरेना बेकर, सारा हडसन, ब्रिजेट रेवेती आणि तेरी ते ताऊ. आपल्या मंडळाचे नाव त्यांनी माताआहो ठेवले. त्यांची पहिली कृती वेलिंग्टनच्या 'एन्जॉय' या लहानशा दालनात झाली. कलावंतांनीच चालविलेले, श्रीमंती नसलेले दालन. चौघी तेथेच राहिल्या आणि बाजारात मिळणारी काळी, लवदार, नकली फरची ब्लँकेटे एकमेकींना शिवून त्यांनी एक विस्तीर्ण काळा पट केला. ही ब्लँकेटे माओरी घरांत ओळखीची आहेत. मराएवर रात्री अंगावर घेतली जातात, मर्तिकाच्या वेळी काढली जातात, भेट म्हणून दिली जातात. कृतीचे नाव त्यांनी 'ते फारे पोरा' ठेवले, म्हणजे विणकराचे घर. ज्या घराला १९८४ च्या त्या मोठ्या प्रदर्शनात जागा नव्हती, तेच हे घर.

चौघींची एक शिस्त आहे. कोणता टाका कोणी घातला हे सांगावयाचे नाही, काम चौघींचे. कुक बेटांच्या स्त्रियाही तिवाएवाए नावाच्या गोधड्या अशाच मिळून शिवतात. आपल्याकडे आयाबायांनी वाकळ घालताना कधी सही केली नाही, हे आपणांस ठाऊक आहेच.

पुढे त्यांनी निळी ताडपत्री घेतली, आणि नंतर ट्रकवरचा माल बांधण्याचे चकाकते पट्टे घेतले. त्या पट्ट्यांचे छत विणले. २०२२ साली ते वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात लागले आणि २०२४ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध द्वैवार्षिक प्रदर्शनात अगदी प्रवेशाच्या दालनात. नाव 'ताकापाऊ'. ताकापाऊ ही प्रसूतीच्या आणि इतर विधींच्या वेळी अंथरावयाची बारीक विणीची चटई. त्या कृतीला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. पाहणाऱ्याने तिच्यासमोर उभे राहावयाचे नसते. तिच्याखालून आत जावयाचे असते. वरून प्रकाश पडतो, पट्ट्यांची सावली भिंतींवर आणि माणसांच्या अंगावर विणली जाते, आणि हात वर करावा तर जाड पट्टा आणि त्याचा लोखंडी आकडा दिसतो, कोणत्याही मालवाहू गाडीवर असतो तसाच.

ओतारातील ते दालन पाहून झाले तेव्हा बाहेर बाजार उठत आला होता. विक्रेते उरलेले कंद पोत्यांत भरीत होते आणि गाडीच्या टपावर पोती रचून वरून पट्टे आवळीत होते. दालनाचे दार उघडेच होते. एक पोरगा आत जाऊन आला आणि आपल्या आईला हाताला धरून पुन्हा आत घेऊन गेला.